हाताशी असेल त्यातून
(प्रस्तावना)

मराठीत छापील पाककृतींची परंपरा दीडशे वर्षांची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 मध्ये आले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून वाटी आणि चमचा ही मापे घराघरांत पक्की केली. या पुस्तकांचा क्रम सहसा एकच असतो: आधी पदार्थाचे नाव, मग साहित्याची यादी, मग कृती. काय करायचे ते ठरलेले आहे, सामान घरात आहे किंवा आणता येणार आहे, आणि करणारीला तेवढी सवड आहे, एवढे सगळे त्यात गृहीत असते.

कशेळ्यात संध्याकाळी सात वाजता चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या बाबतीत यातले काहीच खरे नसते. ती आधी डबे उघडून पाहते, मग घड्याळ पाहते, मग पोरांची तोंडे पाहते. पदार्थाला नाव मिळालेच तर ते सगळ्यात शेवटी. दुपारचा भात उरलेला असतो, मूठभर जवळा असतो, कुणीतरी दिलेली कवळी भाजी असते आणि अर्ध्या तासात ताट वाढायचे असते. असा स्वयंपाक या भागातल्या घरांत रोज होतो. तो कुणी लिहून ठेवत नाही, कारण करणारीला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. हे छोटे पुस्तक त्याच स्वयंपाकाविषयी आहे.

कशेळे हे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यात कोथळीगडाचा सुळका, त्यापलीकडे भीमाशंकर. डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या, महादेव कोळ्यांच्या वाड्या, सपाटीला आगरी आणि मराठा शेतकऱ्यांची गावे. ग्रामीण रुग्णालय, शाळा, दुकाने यांच्यासाठी आसपासच्या वाड्या याच गावात येतात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणून पीक भाताचे. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेले भाताचे वाण ‘कर्जत’ हेच नाव घेऊन कोकणभर पेरले जातात. तेव्हा ताटात भात आणि तांदळाची भाकर असणार हे ठरलेलेच. भाताशेजारी काय पडते, यावर त्या घरातल्या लेकरांची तब्येत ठरते.

इथल्या आईबापांची घाई शहरातल्यासारखी वर्षभर एकाच साच्याची नसते. आवणीच्या दिवसांत सकाळी चिखलात उतरलेली बाई दिवस मावळताना घरी येते. दिवाळी झाली की कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या महिन्यांत त्यांचे स्वयंपाकघर म्हणजे तीन दगड आणि एक पत्र्याचे छप्पर. कर्जत परिसरात फार्महाऊस वाढली तशी झाडलोट, स्वयंपाक, बागकाम यांसाठी बायका तिकडे जाऊ लागल्या. दुसऱ्यांच्या पाहुण्यांना वेळेवर जेवू घालून त्या आपल्या घरी उशिरा पोचतात. अंगणवाडी सेविका, आशाताई, परिचारिका, शिक्षिका यांचे वेळापत्रक निराळे. कर्जतहून पहाटेची लोकल धरून ठाण्या-मुंबईला नोकरीवर जाणारे आईबाप आणखी निराळे. त्यांचा डबा सगळे झोपेत असतानाच भरला जातो. या सगळ्यांना समान अडचण एकच आहे: भूक लागण्याची वेळ आणि माणूस मोकळे होण्याची वेळ जुळत नाही.

या अडचणीवर सहसा झटपट पाककृतींचा उपाय सांगितला जातो. दहा मिनिटांत दहा पदार्थ, डब्याचे पन्नास प्रकार. हे पुस्तक तयार करताना जे ऐकले आणि पाहिले, त्यावरून माझे मत वेगळे झाले. ऐनवेळचा चांगला स्वयंपाक ऐनवेळी होत नाही. तो आठवडाभर आधी, महिनाभर आधी, कधी सहा महिने आधी झालेला असतो. जी बाई पंधरा मिनिटांत सकस ताट वाढते, तिने माघात वाल वाळवून भरून ठेवलेले असतात, पावसाआधी सुकट घेऊन ठेवलेली असते, आदल्या रात्री मूग भिजत घातलेले असतात. जिच्या घरात डबे रिकामे आहेत तिला पन्नास पाककृती पाठ असल्या तरी तिच्या पोरांच्या ताटात भात आणि मीठच पडणार. कल्पकता लागते, पण तिला आधी काहीतरी हाताशी लागते. या पुस्तकात जे आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

साठ्याचे महत्त्व या तालुक्याला कुणी नव्याने शिकवायला नको. इथल्या इतिहासातच ते आहे. माथेरानला 1 डिसेंबर 1912 रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांना आपण आझाद दस्त्याचे क्रांतिकारक म्हणून ओळखतो. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पण त्याआधी वकील असलेल्या या माणसाने कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या आणि धान्यकोठ्या उभ्या केल्या. कारण साधे होते. भात कापणीला येते आश्विन-कार्तिकात. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी आणि शेतातले काम सगळ्यात जड. अशा वेळी सावकाराकडून धान्य उचलायचे आणि सुगीत सवाई-दिडीने फेडायचे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कणगी रिकामी. गावाची स्वतःची कोठी असली की धान्य गावातच राहते, थोड्या वाढीव मापाने परत येते आणि ती वाढही गावाचीच होते.

हीच कल्पना पुढच्या काळात कशेळ्यात काम करणाऱ्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने कर्जत तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँकांच्या रूपाने चालवली. पाककृतींच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण घरातला वालाचा डबा आणि वाडीची धान्यकोठी यांचे काम एकच आहे: ज्या दिवशी हात मोकळे नाहीत आणि पैसाही नाही, त्या दिवशी लेकरू उपाशी राहू नये. या भागातली गरिबी ऋतूंप्रमाणे चढते-उतरते. म्हणून इथल्या स्वयंपाकाचे शहाणपण हे पुढच्या ऋतूची तयारी आधीच्या ऋतूत करण्याचे शहाणपण आहे.

आता त्या डब्यांकडे वळू. पहिला मान वालाचा. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. थंडीत त्याच्या हिरव्या शेंगांची पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वाफवलेल्या शेंगा, बटाटे, कधी अंडी किंवा कोंबडी. तो सणाचा थाट झाला; पण त्याच शेंगा मीठ घालून पातेल्यात उकडल्या तर शाळेतून आलेल्या पोरासाठी याहून चांगला खाऊ नाही. सोलायला वेळ जातो, आणि तो वेळ पोरे स्वतःच देतात. सुकवलेल्या वालात शंभर ग्रॅममागे सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. बिरड्याला वेळ लागतो ही तक्रार खरी आहे: भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात घालून सोला. पण हे तिन्ही टप्पे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी होऊ शकतात. सोललेले वाल घरात असले की वालाचा भात साध्या भाताएवढ्याच वेळात होतो. ज्यांच्याकडे सोलायलाही सवड नाही त्यांच्यासाठी मूग, मटकी आहेत. मोड आले की कडधान्य पचायला हलके होते आणि त्यातले लोह अंगी लागणे सोपे होते.

दुसरा डबा सुक्या मासळीचा. कर्जत-खालापूर हा रायगडचा आतला भाग. समुद्र इथून लांब आहे, पण समुद्राची सुकवलेली मासळी आठवडी बाजारातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचते. जवळा, बोंबील, वाकट्या. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हा हाच साठा कामाला येतो. जवळ्याची सुकी हा इथला खरा झटपट पदार्थ. जवळा निवडून कोरडा भाजायचा, पाण्यातून काढायचा, कांदा, लसूण, मिरची आणि चिंच किंवा आमसूल घालून परतायचा. दहा मिनिटांत भाकरीला कोरड्यास तयार. जवळा डोक्या-कवचासकट पोटात जातो म्हणून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. एकच लक्षात ठेवायचे: सुक्या मासळीत मीठ असतेच, म्हणून ती नीट धुवायची आणि वरून मीठ चाखूनच घालायचे.

तिसरा डबा नाचणीचा, आणि तो आता बऱ्याच घरांतून मागे सरकला आहे. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई पिकते, पण रेशनवर तांदूळ मिळू लागल्यावर वरकस जमिनीत राबण्याची गरज कमी झाली. रेशनच्या तांदळाने उपासमार टळली, हे मोठेच काम झाले. मात्र शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात 10 मिलिग्रॅमच्या आसपास, हा फरक विसरून चालणार नाही. नाचणीतले सगळे कॅल्शियम शरीराला मिळते असे नाही. भिजवून मोड आणून दळली किंवा आंबवून आंबील केली तर ते अधिक मिळते. आपल्या आज्या नाचणीचे सत्त्व करीत ते म्हणून. घाईच्या घराला सत्त्वाएवढे कष्ट परवडत नसतील तर भाकरीच्या तांदळाच्या पिठात चौथा हिस्सा नाचणीचे पीठ मिसळून ठेवावे. रोज वेगळा विचार करावा लागत नाही, आणि घावन असो की भाकर, दोन्हीत ते खपून जाते.

चौथा साठा डब्यात नसतो. तो रानात असतो आणि पावसाबरोबर येतो. पहिल्या सरींनंतर शेवळं, मग रस्त्याच्या कडेला टाकळा, माळावर कुरडू आणि फोडशी, रानात भारंगी, श्रावणाच्या सुमारास करटुली. घरात पैसा नसतो त्याच आषाढ-श्रावणात हा हिरवा बाजार फुकट भरतो. ठाकर आणि कातकरी बायकांचे याबाबतचे ज्ञान मोठे आहे: कोणता पाला कवळाच घ्यायचा, कोणता उकळून पाणी टाकायचे, शेवळं खाजू नयेत म्हणून काकडं कधी घालायची. या भाज्यांच्या जुड्या कर्जत-नेरळच्या बाजारात आणि तिथून शहरात जातात. त्यातली एक जुडी घरच्या पातेल्यात राहावी, इतकेच म्हणणे आहे. टाकळ्याची पाने बारीक चिरून तांदळाच्या पिठाच्या घावनात घातली की भाजी वेगळी करावी लागत नाही, आणि भाजी न खाणारे पोरही घावन खाते. त्याच दिवसांत वळगणीचे मासे असतात, शेतातल्या चिंबोऱ्या असतात. पावसाळा हा इथे गरिबीचा ऋतू आहे तसाच रानाच्या उदारपणाचाही आहे.

खाऊचेही तसेच. चैत्र-वैशाखात करवंदे, जांभळे, आंबे, फणस. फणसाच्या आठळ्या वाळवून ठेवल्या तर पावसात चुलीत भाजून किंवा उकडून खाता येतात. थंडीत बोरे, रताळी, वालाच्या शेंगा. वर्षभर चणे, शेंगदाणे, पोहे, अंडे. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, आणि ते उकडायला स्वयंपाक यावा लागत नाही. दहा-बारा वर्षांचे पोरही ते करू शकते. गुळाविषयी मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. गूळ साखरेपेक्षा चवीला बरा, पण शेवटी तोही साखरच. त्यातून लोह भरपूर मिळते या समजुतीने पोरांना गुळाचे खडे देत राहण्यात अर्थ नाही. चणे-शेंगदाण्यांबरोबर थोडा गूळ हे प्रमाण ठीक.

एवढे सगळे असूनही आपली मुले कशी आहेत? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने उंचीला कमी आणि 36.1 टक्के वजनाला कमी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या 68.9 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होते. हे आकडे साऱ्या राज्याचे आहेत. त्यांचा अर्थ असा की हा प्रश्न दुर्गम वाड्यांपुरता नाही. नोकरदार घरातल्या, पोट भरून जेवणाऱ्या पोरांमध्येही तो आहे. पोट भरते ते बहुतेक धान्याने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये दिलेल्या आहार-सूचनांनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी धान्यांतून 45 टक्क्यांहून अधिक येऊ नये आणि डाळी-कडधान्ये व मांस-मासळी यांतून 15 टक्क्यांपर्यंत यावी. आपल्या भाताच्या ढिगाशेजारच्या वाटीभर पातळ आमटीकडे पाहिले की आपण यापासून किती लांब आहोत ते कळते.

हे गणित रोज मांडत बसायला कुणाला वेळ आहे? म्हणून या पुस्तकात ते तीन प्रश्नांत आणले आहे. भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर डाळ, कडधान्य, मासा, अंडे यांतले काही आहे का? हिरवे किंवा रंगीत काही आहे का? आंबट काही आहे का? तिसरा प्रश्न अनेकांना अनपेक्षित वाटेल. लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो यांतले ‘क’ जीवनसत्त्व पालेभाजीतले आणि कडधान्यातले लोह शरीरात शिरायला मदत करते; जेवणाबरोबर घेतलेला चहा त्याच कामात अडथळा आणतो. भात आणि डाळ एकत्र खाण्यामागेही असाच हिशेब आहे. तांदळाच्या प्रथिनांत जो घटक कमी तो डाळीत भरपूर, आणि डाळीत जो कमी तो तांदळात. आपल्या खिचडीचे शास्त्र इतके सरळ आहे. तिन्ही प्रश्नांना ‘हो’ उत्तर आले तर पदार्थाचे नाव काय, तो पुस्तकात आहे की नाही, याची काळजी करू नये.

सगळ्यात लहान खाणाऱ्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण घाईचा फटका त्यांनाच आधी बसतो. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करायचे. इथे बहुतेक घरांत ते पेजेने होते, आणि पेज बहुतेक वेळा पातळ असते. पातळ पेजेने बाळाचे इवलेसे पोट भरते, पण त्यात वाढीला पुरेल एवढे काही नसते. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही इतके घट्ट अन्न द्यावे, त्यात शिजलेली मऊ डाळ घोटावी आणि वर थोडे तेल किंवा तूप सोडावे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, आणि वर्षाच्या पुढे मधे एक-दोन वेळा खाऊ. कामावर जाणाऱ्या आईला हे एकटीने जमणार नाही. म्हणून बाळ ज्या आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ राहते तिलाही हे माहीत हवे, आणि तिच्या हाताशी घोटलेला डाळ-भात झाकून ठेवलेला हवा. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. अख्खे शेंगदाणे, चणे लहानग्यांच्या घशात अडकतात. त्यांना कूट करूनच द्यावे.

आता पाच रुपयांच्या पुडीविषयी. वाडीच्या तोंडावरच्या टपरीवर दोरीला लटकणाऱ्या कुरकुरीत पुड्या आज सगळ्या महाराष्ट्रात दिसतात. त्या आणणाऱ्या आईला दोष देणे सोपे आहे. पण ती पुडी नेमके काय विकते ते पाहायला हवे: ती लगेच मिळते, शिजवावी लागत नाही, रडणारे पोर गप्प करते आणि उधारीवरही मिळते. तिच्याशी सामना उपदेशाने जिंकता येत नाही. पोराच्या हाताला लागेल अशा उंचीवर भाजलेल्या शेंगदाण्यांचा, फुटाण्यांचा, चिवड्याचा डबा असेल तर काही दिवस तरी जिंकता येतो. रोजची पुडी आठवड्याची झाली तरी पुष्कळ झाले.

या पुस्तकात पुरुषांसाठी वेगळे प्रकरण मुद्दामच ठेवलेले नाही. सगळे पुस्तकच घरातल्या कुणाच्याही हातासाठी आहे. कडधान्य भिजत घालायला, अंडी उकडायला, जवळा निवडायला, कुकर लावायला बाईच लागते असे नाही. आवणीला दोघेही चिखलात असतात. घरी आल्यावर एकाने खाटेवर टेकायचे आणि दुसरीने चूल पेटवायची, हा रिवाज बदलला तर या पुस्तकातल्या प्रत्येक कृतीचा वेळ निम्मा होईल. पोरांनाही कामे वाटून द्यावीत. ज्या पोराने वाल सोलले ते वाल टाकून देत नाही.

घरापलीकडचे हातही मोजले पाहिजेत. 1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या आल्या. शाळेत शिजवलेले जेवण द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिला. त्या जेवणातून पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असे माप ठरलेले आहे. पोराने शाळेत आज काय खाल्ले, किती खाल्ले, हे रोज विचारावे. दुपारी खिचडी झाली असेल तर रात्री पालेभाजी आणि मासळीकडे लक्ष द्यावे; दुपारचे जेवण बुडाले असेल तर घरी आल्याबरोबर काहीतरी भरीव द्यावे. आणि शाळेतले जेवण कमी पडत असेल, अंगणवाडी उघडत नसेल, तर तो विषय ग्रामसभेत काढावा. रेशनवर धान्य मिळते, पण डाळ, तेल, अंडी विकतच घ्यावी लागतात. ज्या घरात ती विकत घेण्याची ऐपत नाही, त्या घरातल्या आईला कल्पकतेचे धडे देऊन भागणार नाही. तिला मजुरी वेळेवर मिळायला हवी, आणि वाडीत धान्यकोठी हवी. हे पुस्तक त्याची जागा घेऊ शकत नाही, तसा त्याचा दावाही नाही.

पुस्तकाची रचना या सगळ्यावरून ठरली आहे. पहिल्या भागात साठा: कोणत्या महिन्यात काय घ्यावे, काय वाळवावे, कसे टिकवावे. दुसऱ्या भागात हाताशी काय आहे त्यावरून वाट: उरलेला भात असेल तर, नुसते पीठ असेल तर, दोन अंडी असतील तर, पालेभाजीची एकच जुडी असेल तर. तिसऱ्या भागात वेळेवरून वाट: दहा मिनिटे, अर्धा तास, किंवा चूल पेटवायचीच नाही असा दिवस. वजनाची मापे कुठेही नाहीत. मूठ, वाटी, ओंजळ एवढ्यावर भागवले आहे. कृतींखाली कुणाची नावे दिलेली नाहीत. ज्यांनी त्या सांगितल्या त्या सगळ्यांचे म्हणणे एकच होते: यात आमचे असे काही नाही, सगळ्याच करतात.

एक सावधगिरी. रानभाज्यांच्या कृती वाचून ओळख नसलेला पाला कुणी तोडू नये. शेवळं नीट केली नाहीत तर घसा सोलतो; कडूकंदासारख्या कंदांचा कडूपणा काढायला बराच खटाटोप लागतो, म्हणून ते झटपट स्वयंपाकात घेतलेच नाहीत. पहिल्या पावसाळ्यात बाजारात बसणाऱ्या बाईकडून भाजी विकत घ्यावी, तिलाच ती कशी करायची ते विचारावे आणि दुसऱ्या पावसाळ्यात जमल्यास तिच्याबरोबर रानात जावे.

वाचकांना विनंती एवढीच. हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू नका. आजच्या आज एक काम करा: घरात कडधान्याचा, सुक्या मासळीचा किंवा शेंगदाण्यांचा, परवडेल तो एक डबा भरा, आणि तो कुठे ठेवला आहे ते घरातल्या सगळ्यांना सांगा. मग ज्या संध्याकाळी उशीर होईल त्या संध्याकाळी हे पुस्तक उघडा. शेवटी काही पाने कोरी ठेवली आहेत. तुमच्या घरात जे जमले ते तिथे लिहा.